‘ऐकत नाही’ म्हणण्याआधी

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या ओझरमधूनच जातो. इथे ‘थांब’ म्हटल्यावर मूल थांबणे हा जिवाचा प्रश्न आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले मूल पुष्कळदा थांबत नाही. मग शेजारी म्हणतात, ‘लाडावलंय.’ कुणी अंगारा लावायला सांगतो. वस्तीत फिरताना आम्ही आई-वडिलांना एकच सांगतो : मूल हट्टी नाही, तुमचे बोलणे त्याच्यापर्यंत पोचलेले नाही.

स्वमग्नतेत मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. आईच्या दुर्लक्षाने, लसीने किंवा दृष्ट लागून ती होत नाही. टीव्ही, नळावरचा गलका आणि तुमची हाक, यातून नेमके तुमचे शब्द वेगळे काढणे या मुलांना जड जाते. म्हणून असे करा :

१. आधी कानांची तपासणी करून घ्या.

२. लांबून ओरडू नका. टीव्ही बंद करा, जवळ बसा, नाव घ्या. डोळ्यांत बघण्याची सक्ती नको.

३. एका वेळी एकच काम सांगा. ‘चप्पल घाल, दप्तर घे, दार लाव’ ही तीन कामे झाली. नुसते ‘चप्पल घाल’ म्हणा आणि चप्पल दाखवा.

४. मनात दहापर्यंत मोजा. मध्ये पुन्हा बोलू नका.

५. तरी जमले नाही तर करून दाखवा. जमताच लगेच सांगा, ‘चप्पल घातलीस, शाब्बास!’

‘पळू नको’ऐवजी ‘थांब’ म्हणा. हा शब्द आधी घरात खेळातून शिकवा. दोघे चाला, ‘थांब’ म्हणून तुम्हीही थांबा, मूल थांबले की आवडीची वस्तू द्या. मग गल्लीत, विहाराच्या आवारात आणि शेवटी रस्त्याकडेला. महिने लागतील. रस्त्यावर हात सोडू नका.

मारल्याने मूल भीती शिकते, शब्द नाही. त्याने कान झाकले, मान फिरवली, तर तेही ‘नको’ म्हणणेच आहे. ते आपण ऐकले पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुलांची तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका स्पष्ट सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करणे हा आपल्या मुलाचा हक्क आहे. त्यात लाज कसली?