छंद आणि कर्तव्य

परीक्षा जवळ आली कीं पालक मुलाच्या हातांतील कुंचला प्रथम काढून घेतात. छंद हा कर्तव्याचा शत्रु, अशी त्यांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें विदर्भांतील एका चरित्रावरून पाहूं.

हेमंत करकरे १९७५ सालीं नागपुरास यंत्रशास्त्राचे पदवीधर झाले व १९८२ सालीं भारतीय पोलीस सेवेंत शिरले. चंद्रपूर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक असतां, अरण्यांत पडलेलीं वाळकीं लाकडें ते उचलून आणीत व फावल्या वेळीं त्यांतून शिल्पें घडवीत. पुढें ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेंत असतां त्यांनीं सात वर्षें ऑस्ट्रियांत काम केलें.

गुप्तवार्तेचें काम असें कीं, त्याचा भार घरीं जिवलगांपाशींहि उतरवितां येत नाहीं. अशा मनास हातांचें काम विसावा देतें. तेथें बोलावें लागत नाहीं. शिवाय दोहोंस धीर सारखाच लागतो. लाकडांत दडलेला आकार आधीं ओळखावा, मग जास्त असेल तेवढेंच काढावें; घाईनें घातलेला घाव परत घेतां येत नाहीं.

मात्र छंदानें कर्तव्याची जागा कधीं घेतली नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख असलेले करकरे स्वतः पुढें गेले व कामा रुग्णालयाजवळील गल्लींत धारातीर्थीं पडले. २००९ सालीं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें.

म्हणून पालकांस विनंति कीं, कुंचला हिरावूं नका. त्याची वेळ ठरवून द्या. मुलांनो, आधीं धडा, मग छंद, हा क्रम तुम्ही मोडूं नका. वाशीमच्या शिवारांतहि बाभळीच्या वाळक्या मुळ्या पडलेल्या असतात. त्यांतील आकार पाहणारी दृष्टि मात्र अभ्यासानेंच येते.