दारुल हरब, दारुल अहद आणि आपली जबाबदारी

‘हिंदुस्थान दारुल हरब आहे’ अशा आशयाचे संदेश अलीकडे आपल्या तरुणांच्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्या आधारे कोणी बँकेचे व्याज हलाल ठरवितो, तर कोणी देशाच्या कायद्याशी आपला संबंधच नाही असे मानू लागतो. म्हणून या संज्ञांचा खरा अर्थ जाणून घेणे आवश्यक आहे.

‘दार’ म्हणजे घर, प्रदेश. दारुल इस्लाम व दारुल हरब ही विभागणी कुरआनमजीदमध्ये आलेली नाही. फकीहांनी आपल्या काळातील राज्ये व युद्धे पाहून ती इज्तिहादाने केली. पुढे करार झालेल्या प्रदेशासाठी दारुल अहद ही संज्ञा आली.

इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते दारुल इस्लामचा दारुल हरब होण्यास तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात : गैरइस्लामी कायदे प्रचलित व्हावेत, तो प्रदेश दारुल हरबला लागून असावा आणि तेथील मुसलमान व जिम्मी यांना पूर्वीचे अमान, म्हणजे संरक्षण, उरू नये. त्यांचे शिष्य इमाम अबू युसूफ व इमाम मुहम्मद (रह.) यांनी पहिली अट पुरेशी मानली. म्हणजे थोरल्या इमामांनी केवळ सत्ता पाहिली नाही. माणसाची सुरक्षितताही पाहिली.

आपल्या भंडारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. येथे देवगडच्या बख्त बुलंद शाहची सत्ता होती. या गोंड राजाने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता. पुढे नागपूरकर भोसले आले, १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. राज्ये बदलली, परंतु नमाज, रोजा, जकात आणि खरेपणा यांचे कर्तव्य कोणत्याही राज्यात रद्द झाले नाही.

इंग्रजी काळात या प्रश्नावर उलमांमध्ये मतभेद झाले. १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर शाह अब्दुल अझीझ देहलवी (रह.) यांनी त्यांच्या अमलाखालील प्रदेश दारुल हरब ठरविला. १८७० मध्ये मौलाना करामत अली जौनपुरी यांनी कलकत्त्यात याच्या उलट मत मांडले. १९२० च्या हिजरत चळवळीत हजारो लोक घरदार विकून अफगाणिस्तानकडे निघाले. अफगाण सरकारला त्यांचा भार पेलला नाही. अनेकांनी वाटेत प्राण सोडले आणि बहुसंख्य रिक्त हस्ताने परतले. एका संज्ञेचा घाईने लावलेला अर्थ किती घरे उद्ध्वस्त करतो, याचा हा धडा आहे.

आज आपण भारतीय संविधानाच्या कराराने एकत्र राहतो. त्याच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. या हक्कांवर कधी आघात झाला, तर न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याची सोयही त्याच संविधानात आहे. म्हणून अनेक उलमा या देशाला दारुल अहद किंवा दारुल अमान म्हणतात.

करार म्हटला की वचन आले. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहने ईमानधारकांना करार पाळण्याची आज्ञा दिली आहे. हिजरी ६ मध्ये हुदैबियाचा तह होत असतानाच हजरत अबू जंदल (रजि.) साखळदंडांसह येऊन पोहोचले. सहाबांची मने कळवळली, तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तहाचा मान राखून त्यांना परत पाठविले आणि सब्र करण्यास सांगितले.

आता व्याजाविषयी. दारुल हरबमधील व्याजासंबंधीच्या सवलतीचे मत हनफी ग्रंथांत आहे, हे खरे, परंतु इमाम अबू युसूफ (रह.) आणि अन्य तिन्ही इमामांनी ते मान्य केले नाही. शिवाय करार व अमान असलेल्या देशाला ते लागू करणे म्हणजे सोयीपुरते फिकह शोधणे होय. आकडा टाकून वीज घेणे, धानाच्या काट्यात मारणे, खोटा दाखला काढणे यांनाही ‘हे तर गैरमुस्लिम राज्य’ ही सबब चालत नाही. ज्याच्याशी करार आहे, त्याचा माल आपल्यासाठी अमानत आहे.

अल्लाह आपणांस वचन पाळणाऱ्यांमध्ये सामील करो. आमीन.