वांद्रे फक्त श्रीमंतांचं?

प्रश्न : मी आणि माझी २२ वर्षांची लेक वांद्रे हिंडायचं म्हणतोय. तिथं सगळंच महाग, शिवाय बारमध्ये न पिणाऱ्यांना अवघडतं, असं ऐकलंय. जावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, जरूर जा. हिल रोडवर कपडे-चपला आजही घासाघीस करूनच घेतात. तिथून चॅपल रोडनं रणवारच्या जुन्या बंगल्यांच्या गल्ल्यांत शिरा. माझ्या मते खरं वांद्रे तेच. ती राहती घरं आहेत, फोटो विचारूनच काढा. बारमध्ये नुसतं सरबत मागवलं तरी चालतं. लेकीचं ओळखपत्र मात्र जवळ ठेवा : बिअर-वाइनसाठी वयाची अट २१, व्हिस्की-रमसाठी २५ आहे. बिलातलं सेवाशुल्क ऐच्छिक असतं, नको तर काढायला सांगा. समुद्राकाठचा मुक्काम महाग पडतो. खार-सांताक्रूझकडे चौकशी करा.