डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने कसे दिसतात?

प्रश्न : मधुमेही रुग्णांच्या ओसीटी तपासणीत सुई नाही की क्ष-किरण नाहीत, मग पडद्याच्या आतील थर दिसतात कसे?

उत्तर : ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजेच ओसीटी, ही पद्धत १९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथील जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व सोनोग्राफीप्रमाणे परावर्तनाचेच असले, तरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाचा परतीचा वेळ थेट मोजणे अशक्यप्राय असल्याने येथे युक्ती वेगळी आहे. डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या दोन शलाका करून एक डोळ्यात आणि दुसरी आरशाकडे सोडली जाते. हा प्रकाश मुद्दाम अनेक तरंगलांबींचा निवडलेला असल्यामुळे दोन्ही शलाकांनी कापलेले अंतर जवळजवळ सारखे असेल तेव्हाच त्यांचे व्यतिकरण होते, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून तीव्रता वाढते वा घटते, आणि त्यावरून कोणत्या खोलीतून किती प्रकाश परतला हे ठरते. पूर्वी त्यासाठी आरसा पुढेमागे सरकवावा लागे. आता वर्णपटाच्या विश्लेषणातून तीच माहिती काही सेकंदांत मिळते.

पडदा जवळजवळ पारदर्शक असल्याने ही पद्धत डोळ्यातच सर्वाधिक रुजली, आणि पीतबिंदूत साचलेला द्रव चित्रात काळ्या पोकळ्यांसारखा स्पष्ट उमटतो. त्वचेत मात्र प्रकाश विखुरला जात असल्याने एक-दोन मिलिमीटरपलीकडे काही दिसत नाही. दाट मोतीबिंदूही चित्र धूसर करतो. म्हणून अहवालावर छापलेला सिग्नलच्या दर्जाचा आकडा आधी पाहणे इष्ट.