टँकरचे गणित

समजा १०,००० लिटरचा टँकर गावात आला. दर घराला २०० लिटरचे एक पिंप भरून द्यायचे ठरले. मग टँकरमध्ये उरलेले पाणी = १०,००० − (२०० × घरे).

१० घरे झाली की ८,००० लिटर उरतात. ५० घरे झाली की टँकर रिकामा. आता ६० घरे घालून बघा. उत्तर येते उणे २,०००! टँकरात उणे पाणी कुणी पाहिलंय का? सूत्र बिचारे काही बोलत नाही, द्याल ती संख्या घेते. म्हणून इथे घरे ० ते ५० एवढीच घालायची, तीही पूर्ण. साडेबारा घरे नसतात.

वेळेचे मात्र निराळे. नळीने मिनिटाला १०० लिटर जात असतील, तर साडेबारा मिनिटे खुशाल घाला. ८,७५० लिटर उरतील. पण १०० मिनिटांच्या पुढे जायचे नाही.

आणि गावात खरोखरच ६० घरे असली तर? शेवटच्या १० घरांची पिंपे कोरडी राहतील. म्हणून पहिले पिंप भरायच्या आधीच भागाकार करावा. घरामागे १६६ लिटर येतात, बाकी ४० उरते. ती शाळेच्या रांजणात ओता!