अलिबाग एका दिवसात: आधी तिथी बघा

प्रश्न : गेटवेहून बोटीने अलिबागला जाऊन संध्याकाळी परत यायचे आहे. कुलाबा किल्ला पाहून होईल का?

उत्तर : नक्की होईल, फक्त दिवस भरती-ओहोटी बघून ठरवा. मांडव्याला बोटीने साधारण तासभर, पुढे अलिबागपर्यंत बसने पाऊण तास. बऱ्याच बोटींच्या तिकिटात ही बस धरलेली असते.

किल्ल्यात चालत जाता येते ते ओहोटीलाच. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसातला भरती, तर पावणेदोनच्या सुमारास ओहोटी. अशा वेळी सकाळची बोट छान जुळते. पौर्णिमा-अमावस्येला मात्र भरदुपारी उधाण असते, ते दिवस टाळा. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढू लागायच्या आत परता. पाणी पुरते हटले नसेल तर घोडागाडी करा. आत गणेशपंचायतन आहे आणि चक्क गोड्या पाण्याचा साठा. तो न बघता येऊ नका.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याच्या रो-रोची चौकशी करा.