एचआयव्ही असलेल्याची किडनी

चौक गाव मुंबई-पुण्याच्या जुन्या हमरस्त्यावर आहे. रस्त्यानं रात्रंदिवस गाड्या धावतात. अपघातही होतात. कधी डोक्याला एवढा मार बसतो, की मेंदू मरतो. यंत्राच्या जोरावर छाती मात्र हालत असते. डॉक्टर दोनदा तपासून मेंदू मेल्याचं ठरवतात. मग घरच्यांनी हो म्हटलं, तर त्या माणसाच्या किडन्या दुसऱ्याला देता येतात. एकाच्या दोन किडन्यांनी दोघांचा जीव वाचतो.

पण त्या माणसाला एचआयव्ही असला तर?

"नको रं बाबा!" असंच कुणीही म्हणेल. निरोगी माणसाच्या बाबतीत ते बरोबर आहे. किडनीबरोबर जंतूही जातील. पण घेणाराच एचआयव्हीचा रोगी असला तर? त्याच्या अंगात तो जंतू आधीपासून आहेच की!

हा विचार दक्षिण आफ्रिकेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी केला. त्यांचं नाव एल्मी म्यूलर. केप टाउन शहरात ग्रूट शूर नावाचं मोठं सरकारी इस्पितळ आहे. माणसाचं हृदय माणसाला पहिल्यांदा बसवलं, ते इथंच, १९६७ साली. म्यूलरबाई इथं काम करीत. एचआयव्ही असलेल्याची किडनी बिघडली, की त्याला रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर जागा मिळत नसे. तो मरे. आणि एचआयव्ही असलेला कुणी मेला, की त्याच्या धडधाकट किडन्या मातीत जात. बाईंनी २००८ साली या किडन्या त्या रोग्यांना बसवल्या. त्या चालल्या.

अमेरिकेनं २०१३ साली कायदा बदलला. २०१९ साली तिथं एचआयव्ही असलेल्या एका बाईनं जिवंतपणी आपली एक किडनी अनोळखी रोग्याला दिली. एवढी तिची तब्येत चांगली होती! रोजच्या गोळ्यांचा हा गुण.

यात धोका अजिबात नाही, असं नाही. देणाऱ्याचा जंतू गोळ्यांना न जुमानणारा असू शकतो. म्हणून आधी तपासतात.

आपल्याकडे एचआयव्ही असलेल्याची किडनी अजून घेत नाहीत. रक्त नाही, डोळेही नाहीत. तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांपासून काही लपवू नये.

घेण्याची गोष्ट मात्र वेगळी. गोळ्या नेमानं घेणाऱ्या, जंतू दबलेल्या रोग्याला निरोग्याची किडनी बसवता येते. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. "याला किडनी देऊन काय उपयोग?" असं कुणी म्हणालं, तर हा कायदा त्याला सांगा. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. १०९७ या नंबरावर फोन केला, तर पैसे पडत नाहीत. जवळचं केंद्र कुठं आहे, ते तिथं विचारा.